चक्कर आलेल्या माणसाचे आधी डोळे पाहा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आपत्कालीन कक्षात चक्कर घेऊन येणाऱ्या रुग्णांची तपासणी.

महोदय,


यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या माणसाला विचारा. चक्कर घेऊन आलेला पेशंट नाही, अशी रात्र त्याला चटकन आठवणार नाही. साप-विंचू, अपघात, बाळंतपण, तापाची पोरं या गर्दीत हा पेशंट सगळ्यांच्या मागून बघितला जातो. रक्त वाहत नाही, हाड मोडलेलं नाही, छातीत दुखत नाही, नुसती चक्कर. सिस्टर बीपी घेतात, बोट टोचून शुगर बघतात, बाटली लागते, उलटीचं इंजेक्शन शिरेतून जातं. सकाळपर्यंत बरं वाटलं तर गोळ्यांची पुडी घेऊन घरी. नाही वाटलं तर कागदावर ‘रेफर’ आणि एकशे आठची गाडी. गाडी यवतमाळला, तिथून बरेचदा दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट बहुधा राहून जाते. त्या माणसाच्या डोळ्यांकडे कोणी नीट बघत नाही.

हे पत्र तेवढ्यासाठी आहे. मी याच जिल्ह्यात डॉक्टरकी करतो, कॅज्युअल्टीत रात्री काढलेल्या आहेत. नवीन इमारत मागायला लिहीत नाही, नवीन यंत्रही नको. उलट यंत्राच्या नादात जी तपासणी आपण सोडून दिली, ती परत आणा, एवढंच मागणं आहे.

खरं तर आमच्या जिल्ह्याला हे सांगायची वेळ यायला नको होती. २०१७ चा पावसाळा आठवा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती, गुलाबी बोंडअळीने शेतकरी हैराण होता, हवेत दमट उकाडा होता. फवाऱ्याची नळी वर धरून चालावं लागे, आणि पानांवर पडायचं ते औषध फवारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर, पाठीवर उतरे. पंप बॅटरीचे, फवारा बारीक, वर दोन-तीन औषधं एकाच टाकीत. जुलैपासून पुढे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेतकरी आणि शेतमजूर येत राहिले. शेकडो भरती झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली, मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर झाली. ही माणसं दवाखान्यात काय सांगत होती? चक्कर येते, मळमळतं, डोळ्यांना धूसर दिसतं.

त्यानंतर चर्चा झाली ती पंपांची, कंपन्यांची, कृषी केंद्रांची, मास्क आणि हातमोज्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण तो माणूस सगळ्यात आधी ज्या टेबलासमोर ‘चक्कर येते’ म्हणत उभा राहिला, त्या टेबलाबद्दल फार कमी बोललं गेलं. रक्तातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम तपासण्याची सोय तेव्हा यवतमाळच्या रुग्णालयात नव्हती, हे तेवढं गाजलं. सोय नव्हती हे वाईटच. पण ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा ओळखायला रक्ताचा रिपोर्ट यायची वाट बघायची नसते. टॉर्च पुरतो.

अडचण अशी की फवारणारा माणूस ‘मला विषबाधा झाली’ असं म्हणून येत नाही. त्याच्या लेखी फवारणी हा रोजचा धंदा, त्यात सांगण्यासारखं काय? संवाद साधारण असा होतो.

‘काय होते?’
‘भवंड येऊन राहिली जी. सकाळी बरा होतो.’
‘जेवला होता?’
‘हो जी. न्याहारी करून वावरात गेलो.’
‘वावरात काय काम होतं?’
‘काही नाही, हेच आपलं. फवारनं चालू हाये.’

तिसरा प्रश्न विचारला म्हणून फवारणी बाहेर आली. दुसऱ्यावर थांबलो असतो तर ‘ऊन लागलं’ असं लिहून बाटली लागली असती. आता टॉर्च मारा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, तोंडाला लाळ, अंगाला घामाची धार, मांडीच्या किंवा पापणीच्या स्नायूंना आपोआप बारीक फडफड, नाडी मंद. हे चित्र दिसलं की पुढचं ठरलेलं आहे. हातमोजे घालून अंगावरचे भिजलेले कपडे काढायचे, साबण-पाण्याने अंग धुवायचं, आणि ॲट्रोपिन हा उतारा सुरू करायचा. विष अंगावरच्या शर्टातून अजून आत जात असताना सलाईन लावून माणसाला त्याच शर्टात झोपवून ठेवणं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुठे, ते सांगत नाही. नाव घेतलं तर चौकशी त्या एका सिस्टरची होईल, आणि तिला हे कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

ॲट्रोपिनचं एक ॲम्प्युल असतं ०.६ मिलिग्रॅमचं. गंभीर रुग्णाला पहिल्या तासातच ती डझनांनी लागतात, कारण छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात दहा ॲम्प्युल असली, तर कागदोपत्री साठा आहे आणि प्रत्यक्षात नाही.

आणखी एक बारकावा, जो रेफरच्या घाईत नेहमी निसटतो. ॲट्रोपिन दिलं की बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. म्हणजे पहिल्या दवाखान्याने इंजेक्शन देण्याआधी बाहुल्यांची नोंद केली नाही, तर दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला मूळ चित्र कधीच कळत नाही. धूसर दिसतंय ते विषामुळे की औषधामुळे, हे सांगायला पुरावाच उरत नाही. आणि बाहुल्या पहिल्यापासून बारीक नव्हत्या, तर तेही लिहून ठेवायला हवं. सगळी कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट नसतात. २०१७ मध्ये यवतमाळला वापरात असलेल्या डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला उताराच नाही. तिथे ॲट्रोपिन ओतत राहणं उपयोगाचं नाही, लक्षणं सांभाळत राहावं लागतं. म्हणून डबा किंवा निदान डब्यावरचं लेबल सोबत आणा, हे आशाताईंनी फवारणीच्या दिवसांत घरोघर सांगायला हवं. लेबलवर त्रिकोण असतो, तो लाल की पिवळा यावरून विष किती जहाल तेही कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कळतं.

ऑरगॅनोफॉस्फेटच्या रुग्णाची चक्कर बरेचदा दुसऱ्या दिवशी थांबते. नातेवाईक म्हणतात, सोडा आता, वावर उघडं पडलं आहे. इथेच खरा धोका. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत काही रुग्णांच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याचं नीट वर्णन केलं आणि त्याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ नाव दिलं. त्याची पहिली खूण अगदी साधी आहे. उताणा झोपलेला माणूस उशीवरून डोकं उचलून धरू शकत नाही. डिस्चार्ज कार्डावर सही करण्याआधी ‘मान उचला बरं’ एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं.

हा झाला पावसाळ्यातला पेशंट. बारा महिने येणारा पेशंट वेगळाच आहे, आणि त्याचे हाल वेगळ्या तऱ्हेने होतात.

साठीतली एक आजी. गळ्यात पांढरा कॉलर, हातात मानेचा एक्स-रे, पिशवीत बीटाहिस्टिन या चक्करेच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स. ‘मानेचे मणके घासले’ असं कोणीतरी सांगितलेलं. विचारलं, चक्कर कवा येते? ‘कुशीवर वळली का सारं घर फिरते बाप्पा. मंग थांबते.’ किती वेळ? ‘दहा-वीस अंक मोजे लोक.’ आणि निजून राहिलं, हललं नाही तर? ‘तवा नाही.’ निदान इथेच झालं. कॉलर काढला, आजीला टेबलावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि तशीच चटकन उताणी केली, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं. चार-पाच सेकंद काही नाही. मग बुबुळं गोल फिरत वरच्या दिशेला ठोके मारायला लागली, आजीने माझं मनगट घट्ट धरलं, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. याला डिक्स-हॉलपाइक तपासणी म्हणतात. १९५२ पासून पुस्तकात आहे. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या, गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल-नळीसारख्या. शेजारच्या कप्प्यातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे सुटून त्यातल्या एका नळीत घुसले की डोकं हलताच द्रव खोटी बातमी देतो. इलाज असा की डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत कप्प्यात घालवायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी हा क्रम बसवला, १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ही कसरत पाच मिनिटांची आहे. पुष्कळांना पहिल्याच वेळी आराम पडतो. गोळ्यांनी खडे हलत नाहीत, कॉलरने तर नाहीच. उलट कॉलरने माणूस मान हलवणंच सोडतो आणि आजार लांबतो.

या आजीने महिनोन्महिने गोळ्या खाल्ल्या. एक्स-रेत मणके घासलेले दिसले, कारण साठीत ते बहुतेकांचे दिसतातच. तिला कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. टेबलावर तिला आडवं करून बघायला कोणाला सुचलं नाही, आणि सुचण्यासारखं कोणाला शिकवलेलं नव्हतं.

आता तिसरा, ज्याच्यासाठी मला झोप लागत नाही.

पंचावन्नच्या आसपासचा माणूस, बीपीच्या गोळ्या अधूनमधून घेणारा. पहाटे उठला तो गरगरतच. थांबेना. डोळे मिटले तरी गरगर, उलट्यांवर उलट्या. हातपाय चालतात, तोंड वाकडं नाही, बोलणं स्पष्ट. अशा माणसाला दोन गोष्टी असू शकतात. एक, तोलाच्या नसेला सूज. हिने माणूस आठवडाभर बेजार होतो पण मरत नाही. दुसरी, मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात, रक्तपुरवठा तुटलेला. म्हणजे पक्षाघातच, फक्त हातापायांऐवजी तोलावर झालेला. वरवर दोन्ही माणसं एकसारखी दिसतात. नेहमीचा रिवाज असा की सीटी स्कॅन काढायचा, तो नॉर्मल आला की ‘मेंदूत काही नाही’ सांगून घरी पाठवायचं. असा एक जण माझ्या माहितीतला. नॉर्मल सीटी हातात घेऊन घरी गेला, आणि तिसऱ्या दिवशी झोपेतून उठेना म्हणून उचलून आणला. लहान मेंदू सुजून देठावर दाब आला होता. वेळेत मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचला म्हणून वाचला. कोणत्या दवाखान्याने घरी पाठवलं होतं ते महत्त्वाचं नाही, कारण तो सीटी कोणीही वाचला असता तरी नॉर्मलच वाचला असता. रक्तस्राव झालाय का हे बघायला सीटी उत्तम. रक्तवाहिनी तुंबून झालेला मागच्या भागातला स्ट्रोक मात्र पहिल्या काही तासांत सीटीत बहुधा दिसतच नाही. कवटीच्या त्या कोपऱ्यात हाडं जाड, चित्र गढूळ.

मग दिसतो कशात? परत डोळ्यांत.

डोकं हललं तरी नजर जागेवर ठेवण्याचं काम कानातल्या त्याच नळ्या करतात, म्हणून त्यांच्या वाटेवर कुठेही बिघाड झाला की पुरावा बुबुळांत उमटतो. १९८८ मध्ये हालमागी आणि कर्थॉइज यांनी सिडनीहून एक तपासणी प्रसिद्ध केली. रुग्णाला आपल्या नाकाकडे टक लावायला सांगायचं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून एका बाजूला थोडंसं, पण झटक्याने वळवायचं. नस सुजलेली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग टुणकन उडी मारून नाकावर परत येतात. २००९ मध्ये काट्टाह, न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आणखी दोन गोष्टींची जोड दिली. बुबुळांचे ठोके डावीकडे बघताना एका दिशेला आणि उजवीकडे बघताना उलट दिशेला पडतात का, आणि आळीपाळीने डोळा झाकल्यावर बुबुळ वर-खाली सरकतं का. या तिन्हींना मिळून ‘हिंट्स’ म्हणतात. त्यांच्या अभ्यासात १०१ रुग्ण होते, सगळे धोक्याच्या गटातले, अखंड गरगरणारे. हिंट्सने त्यातला एकही स्ट्रोक सोडला नाही. पहिल्या ४८ तासांत काढलेल्या एमआरआयने मात्र सुमारे १२ टक्के सोडले. एमआरआयने, सीटीने नव्हे.

इथे एक उलटी गोम आहे, आणि ती न समजल्याने घोळ होतो. झटक्याच्या तपासणीत डोळ्यांनी उडी मारली, म्हणजे तपासणी बिघडलेली आली, तर ते दिलासा देणारं आहे. दोष नसेत आहे. माणूस अखंड गरगरतोय आणि तपासणी मात्र छान नॉर्मल आली, तर घाबरायचं. नव्या डॉक्टरच्या डोक्यात हे बसायला वेळ लागतो. आणि ही तपासणी त्याच रुग्णावर करायची ज्याची चक्कर तपासताना चालू आहे आणि बुबुळांना ठोके आहेत. आमच्या कॉलरवाल्या आजीवर हिंट्स केली तर ती नॉर्मल येईल आणि डॉक्टर उगाच स्ट्रोक म्हणून गाडी काढेल.

हे वेगळं काढायचं तर प्रश्न बदलायला हवेत. १९७२ पासून डॉक्टरांना शिकवलं गेलं की रुग्णाला विचारा, तुम्हाला चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? गरगरतं, अंधारी येते की तोल जातो? पुढे न्यूमन-टोकर यांनी दाखवून दिलं की काही मिनिटांनी तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारला तर पुष्कळ रुग्ण उत्तर बदलतात. उलट कधी सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने येते, या उत्तरांत ते डगमगत नाहीत. अखंड की राहून राहून? राहून राहून असेल तर वळल्याने येते, उठल्याने येते, की आपली आपण? एवढ्यावर रस्ते फुटतात. उठल्यावर अंधारी येत असेल तर बीपी निजलेलं आणि उभं असं दोन्ही घ्या, पांढुरकी पापणी बघा, काळी शी होते का विचारा, बाई वयात असेल तर पाळी चुकली का विचारा. म्हाताऱ्या माणसाला बसल्या जागी एकदम अंधारी आली तर ईसीजी. आणि सगळ्यांत सोपी गोष्ट : रुग्णाला आधार देऊन बसवा, मग उभं करून बघा. नस सुजलेला माणूस झोकांड्या खातो पण उभा राहतो. जो आधाराशिवाय बसूही शकत नाही त्याचे डोळे काहीही सांगोत, त्याला घरी पाठवायचं नाही. स्ट्रेचरवरून आलेला माणूस स्ट्रेचरवरच तपासला जातो म्हणून हे कळतच नाही. चक्करेबरोबर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर तेही ‘कानाचं आहे’ म्हणून सोडू नये. कानाकडे जाणारी रक्तवाहिनी आणि मेंदूच्या देठाकडे जाणारी रक्तवाहिनी एकाच फांदीची आहे.

तुमचे अधिकारी दोन हरकती घेतील. पहिली, साठ-सत्तर पेशंटांच्या ओपीडीत आणि एकट्या डॉक्टरच्या रात्रपाळीत एवढा वेळ कुठला? वेळ लागतो, खोटं बोलत नाही. प्रश्न आणि डोळे मिळून आठ-दहा मिनिटं. पण नागपूरची एक अनावश्यक फेरी म्हणजे एकशे आठची एक गाडी निम्मा दिवस तालुक्याबाहेर. झरी-जामणीत त्या वेळी कोणाला साप चावला तर काय करायचं, ते तुम्हीच सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजना पॅकेजवर चालते. दहा मिनिटं डोळे बघण्याचं पॅकेज नाही. म्हणून ते कोणी बघत नाही, असं मी म्हणत नाही. असतं तर बघितलं गेलं असतं, एवढं नक्की म्हणतो.

दुसरी हरकत वजनदार आहे. हिंट्सचे ते डोळे दिपवणारे आकडे डोळ्यांच्या आणि मेंदूच्या तज्ज्ञांच्या हातचे आहेत. कॅज्युअल्टीतल्या साध्या डॉक्टरच्या हातात ती तितकी भरवशाची राहत नाही, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मान्य. अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकाच्या ‘सोसायटी फॉर ॲकॅडेमिक इमर्जन्सी मेडिसिन’ने २०२३ मध्ये चक्करेसाठीच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, ‘ग्रेस-३’ नावाने. त्यांनीही हेच म्हटलं, की हिंट्स शिकलेल्या हातांनीच करावी, आणि सरसकट सीटी काढू नये. म्हणजे उत्तर तपासणी सोडण्यात नाही, हात तयार करण्यात आहे.

आणि हात पीपीटीने तयार होत नाहीत. आपल्याकडचं प्रशिक्षण आम्ही जाणतो. जिल्हा परिषदेच्या सभागृहात एक दिवस, हजेरीपट, बॅनरपुढे फोटो, चहा, आणि दुपारनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्यापेक्षा तालुक्यातले डॉक्टर तीन-तीन, चार-चार करून यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठवडाभर बसवा. तिथल्या कान-नाक-घसा, मेडिसिन आणि आपत्कालीन कक्षातल्या लोकांबरोबर त्यांना खरी बुबुळं ठोके मारताना बघू द्या. पाच खऱ्या रुग्णांचे डोळे बघितले की जे कळतं ते पन्नास स्लाइडनी कळत नाही. यात एकशे आठच्या गाडीवरचे डॉक्टर धरा. त्यांच्यातले आणि आरोग्य केंद्रांतले पुष्कळ जण बीएएमएस आहेत, म्हणून त्यांना वगळायची एक दबकी पद्धत आहे. ती सोडा; उमरखेडच्या रस्त्यावर रात्री रुग्णाशेजारी तेच बसलेले असतात.

यात पैसा फारसा नाही, पण तीन खात्यांची गाठ आहे, आणि ती फक्त तुम्ही सोडवू शकता. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं तुमच्या खात्याची, यवतमाळचं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. चक्कर आलेला माणूस एका रात्रीत तिन्ही खाती ओलांडतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा केसपेपर नव्याने सुरू होतो. रेफर चिठ्ठी तिन्ही खात्यांत एकच असावी आणि तिच्यावर चार ओळी छापलेल्या असाव्यात. चक्कर कधीपासून आणि अखंड की राहून राहून. इंजेक्शनआधी बाहुल्या किती. बुबुळांना ठोके आहेत का, कोणत्या दिशेला. आधाराशिवाय बसतो का, उभा राहतो का. फवारणीचे महिने असतील तर पाचवी ओळ, फवारलेल्या औषधाचं नाव. मराठीत छापा, सिस्टरनाही भरता येईल.

मोबाइलचंही बघा. बुबुळांचे ठोके वीस सेकंदांच्या व्हिडिओत स्वच्छ दिसतात. ई-संजीवनी तुमच्याकडे आहेच. पण रात्री अडीच वाजता पांढरकवड्याच्या डॉक्टरने पाठवलेला व्हिडिओ उघडून बघणारा माणूस दुसऱ्या टोकाला ड्युटीवर असेल, तर तिचा उपयोग. स्ट्रोकची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. जिल्ह्याच्या कडेच्या तालुक्यातून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर पडतं. रस्ता, गाडी आणि नातेवाइकांची जमवाजमव यात तो वेळ कसा जातो हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या टेबलावर ओळखलं तरच तो वेळ हातात उरतो.

असं म्हणतील की ही सगळी मोठ्या साधनसामग्रीची विद्या. तसं नाही. या शास्त्राचा पाया घालणारे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी कानात गरम आणि थंड पाणी सोडून बुबुळं बघत बघत ते उभं केलं. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. त्यांच्या हाताशी जे होतं ते सगळं मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात आजही आहे.

मृग तोंडावर आहे. पेरण्या होतील, आणि जुलैच्या शेवटापासून पंप पाठीवर चढतील. त्याआधी तीन गोष्टींची माहिती जाहीरपणे मिळावी, अशी विनंती आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात आज ॲट्रोपिनची किती ॲम्प्युल आहेत. कोलिनएस्टरेजची तपासणी जिल्ह्यात कुठे होते आणि रिपोर्ट किती तासांत मिळतो. आणि गेल्या वर्षी ‘चक्कर’ म्हणून रेफर झालेल्यांचं शेवटी निदान काय निघालं, याची नोंद कोणाकडे आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी तेच कळवा; निदान कुठून सुरुवात करायची ते ठरेल. उत्तर मंत्रालयातून आलं तर उत्तम, अकोल्याच्या आरोग्य उपसंचालकांच्या सहीने आलं तरी चालेल.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक डॉक्टर